बोईसरचे मनाचे डॉक्टर

"थांबा, मला कळलं."

समोरच्याने तोंड उघडायच्या आत उजव्या हाताचं बोट वर करून ते हे म्हणायचे. मग डोळे मिटून दोनतीनदा मान डोलवायचे आणि सल्ला द्यायचे. बनेल माणसं तुम्हीही पाहिली असतील, मीही पुष्कळ पाहिली. पण इतक्या शांतपणे काहीही न ऐकणारा माणूस मला दुसरा भेटला नाही.

एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी नोकरी नटबोल्ट सांभाळण्यात गेली. निवृत्त झाल्यावर टपालाने संमोहनाचा कसलासा कोर्स केला, प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत बसवलं आणि बोईसरच्या बाजारामागे भाड्याच्या खोलीवर पाटी लावली, 'मनोविकार सल्लागार'. नावापुढे पाचसहा इंग्रजी अक्षरं. लोक त्यांना मनाचे डॉक्टर म्हणत आणि ते कधी नको म्हणत नसत.

त्यांचं औषध एकच होतं. "रोज अर्धा तास समुद्राकडे बघत बसा. मनातला कचरा निघून जातो." झोप न येणाऱ्याला तेच, परीक्षेला घाबरणाऱ्या मुलीला तेच. एक बिहारी वेल्डर खोलीतून बाहेर येऊन म्हणाला, "समुंदर देखने को बोलते हैं. और ड्यूटी कौन करेगा?" बाकावरचे सगळे हसले आणि तरीही आपल्या नंबरची वाट बघत बसले. त्यात मीही होते. माझ्याशेजारी माझी धाकटी बहीण हिरा होती.

आम्ही चिंचणीचे, कोळ्यांच्या घरातले. मी शिकून शाळेत बाई झाले, हिराने होडीवरचा नवरा केला. त्या वर्षी वादळात त्याची होडी फुटली. बाकीचे परतले, तो नाही. देह मिळाला नाही म्हणून घरात 'गेला' हा शब्द कोणी उच्चारत नव्हतं, तिचं कुंकू पुसायला कोणी धजत नव्हतं. चार महिने झाले तरी हिरा दोन घासांवर तिसरा खात नव्हती. कोणाशी बोलत नव्हती.

गावच्या दवाखान्यातली नर्स मला म्हणाली होती, "बाई, तिला ठाण्याला न्या. मोठ्या सरकारी दवाखान्यात शिकलेले डॉक्टर हायेत." आई उसळली. "ठाण्याला न्यायला ती काय येडी हाय?" आमच्याकडे ठाण्याचा अर्थ तेवढाच. मी ठाण्याऐवजी बोईसर गाठलं.

आत गेल्यावर मी सुरुवात केली, "हिचा नवरा..."

बोट वर. "थांबा, मला कळलं. नवऱ्याचा त्रास. राहता कुठे?"

"चिंचणीला."

"मग तुम्ही नशीबवान! समुद्र दारातच आहे." आणि पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

हिराने मान खाली घातली. आणि मी, चौथीच्या वर्गाला 'न कळलं तर विचारा' असं रोज बजावणारी बाई, त्या इसमाला नमस्कार करून बाहेर पडले. ती अक्षरं कसली, एवढंसुद्धा विचारलं नाही.

हिराने सल्ला पाळला. किनाऱ्यावर जाऊन बसायची. अर्ध्या तासाची सकाळ झाली, सकाळची दुपार. ती घराबाहेर पडते याचाच आम्हाला आनंद! बाराव्या दिवशी ती नेसत्या लुगड्यानिशी पाण्यात चालत गेली. बोंबील वाळत घालणाऱ्या बाया हातातलं टाकून धावल्या, म्हणून ती आज आहे. मी शाळेतून पोहोचले तेव्हा ती थरथरत होती. म्हणाली, "बाय, त्यानं हाक मारली."

त्यानंतर मी आईला विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी ठाणं. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान होत्या. "काय झालं?" एवढंच विचारून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थांबल्या. हिरा किती वेळ गप्प होती कोण जाणे. त्या हलल्या नाहीत, घड्याळाकडे पाहिलं नाही. शेवटी हिरा म्हणाली, "तो बुडला." आणि चार महिन्यांत पहिल्यांदा रडली. ती त्या दिवशी बरी झाली नाही. गोळ्या सुरू झाल्या आणि दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी, फेरी.

दोन महिन्यांनी मी एकटीच बोईसरला उतरले. त्या माणसाला बाजारात उभं करून काय काय ऐकवायचं, ते पाठ करून गेले होते. खोलीला कुलूप. शेजारचा टेलर म्हणाला, "मुलाकडे नाशिकला गेले. आता येणार नाहीत."

बाकावर एडवणची एक बाई बसली होती. सोबत लग्नाच्या वयाची मुलगी, नजर जमिनीवर.

"ते गेले," मी म्हटलं. "आणि ते डॉक्टर नव्हतेच."

"नव्हता तर नव्हता. दुसरा कोण हाय हितं?"

पालघर, बोईसर, डहाणू, सगळं मनात धुंडाळलं. तेव्हा कोणी माझ्या माहितीत नव्हतं. त्या भामट्याची दुकानदारी कशावर चालली होती, ते मला तेव्हा समजलं. बाकावर मीही अशाच तोंडाने बसले होते.

"ठाण्याला..." मी म्हटलं.

"ठाणं नको, बाई. लगीन व्हायचाय हिचा."

मी तिच्याशेजारी बसले. "माझी सख्खी बहीण जाते ठाण्याला. दोन घासांवर खात नव्हती ती. येत्या गुरुवारी आमच्याबरोबर चला."

मुलीने पहिल्यांदाच मान वर केली.

"ती जेवते आता?"

"थोडं थोडं," मी म्हटलं.