साहेबासाठी बुजवलेले खड्डे

आमच्या गावाच्या रस्त्याबद्दल कोणी गहिवरून बोलायला लागलं की माझं डोकं आजही फिरतं. कसला गहिवर घेऊन बसलात? खापरखेड्याकडे जाणाऱ्या मोठ्या सडकेवरून फाटा फुटायचा आणि तिथून गावापर्यंत नुसते खड्डेच खड्डे. एकच एसटी यायची. सकाळी नागपूरला न्यायची, संध्याकाळी आणून सोडायची. मी त्या गाडीनं नागपूरच्या सदर भागातल्या शाळेत जायची. मॅट्रिकचं वर्ष होतं माझं. एके दिवशी गावाजवळच्या मोठ्या खड्ड्यात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला आणि ड्रायव्हरनं सांगून टाकलं, "रस्ता बनल्याबिगर आता गाडी येत नाही, बाप्पा!"

बाबांनी घरात लगेच निकाल दिला. "गाडी सुरू झाली की जाशीन शाळेत. तवरक घरी राह्य." माझा भाऊ सायकल दामटत जायचा, त्याला कोणी अडवलं नाही. पोरीच्या जातीला मात्र एकटीनं एवढ्या दूर जाणं शोभत नव्हतं म्हणे!

गावानं अर्ज केला. आणि काय नवल, रस्त्याच्या खात्याचे साहेब स्वतः रस्ता पाहायला येणार, सोबत पेपरवालाही येणार, असा निरोप आला. मला आनंदानं जेवण जाईना. साहेब खड्डे पाहतील, रस्ता मंजूर करतील, गाडी सुरू होईल, मी शाळेत जाईन. इतकं सरळ होतं सगळं.

पण आमची माणसं! आदल्या दिवशी पाहते तो काय, अख्खं गाव टोपली-फावडी घेऊन रस्त्यावर. माणसं खड्ड्यांत मुरूम टाकून राहिली, माती चोपून राहिली, बाया वरून शेणाचा सडा घालून राहिल्या. फाट्यावर आंब्याच्या पानांचं तोरणसुद्धा चढलं. आणि या सगळ्यांच्या पुढं कोण, तर माझे बाबा. सोयरे यायचे असले की वाट सारखी करून सडा घालायचा, ही आमची रीत. अहो, पण हा माणूस खड्डेच पाहायला येत होता ना!

मी रस्त्यातच ओरडले, "बाबा, हे काहून बुजवून राहिले? खड्डे दिसलेच नाही तं साहेब रस्ता कशाले करीन?"

"पाहुन्याले खड्ड्यातून आनावं का वं? गावाची काही इज्जत आहे का नाही? साहेबाले तोंडी सांगू नं आपन."

"अन् मायी शाळा?"

ते मुरमाची टोपली उचलून पुढच्या खड्ड्याकडे गेले.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दुसऱ्या दिवशी सगळे हार घेऊन फाट्याकडे गेले आणि मी सरळ कुदळ उचलली. ज्या खड्ड्यात गाडीचा पाटा तुटला होता, तोच उकरायला लागले. निम्मा मुरूम बाहेर काढला असेल नसेल, तेवढ्यात जीप आली. मागच्या सीटवर बाबा बसलेले. साहेब खाली उतरले. "ही मुलगी काय करते आहे?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात जोडले. "मायी पोरगी होय, साहेब. रस्ता सपाट करून राहिली. आमच्या गावात पोरीसुदिक श्रमदानाले येतात."

"नाही साहेब," मी म्हटलं, "मी खड्डा उकरून राहिली. आमची एसटी..."

सगळे खो खो हसले. साहेबही हसले. "भारी विनोदी आहे हो मुलगी! असं गाव हवं. रस्ता छानच ठेवलाय तुम्ही." पेपरवाल्यानं माझा फोटो काढला. मग बाबांनी माझ्या हातातली कुदळ काढून घेतली.

आणि ते तोंडी सांगायचं? कसलं काय! चहा-पोहे झाले, हार झाले, साहेबांचं भाषण झालं. एवढं कौतुक करणाऱ्या माणसापुढं तक्रार कोण करणार? एकाचीही जीभ हलली नाही. मेल्यांनो, बोलायचं होतं ना एकानं तरी!

एका पावसात सगळा मुरूम धुऊन गेला. गाडी आली नाही. चार माणसं नागपूरच्या ऑफिसात विचारायला गेली, तर तिथला बाबू म्हणाला, "साहेबांनी स्वतः पाहिलाय रस्ता. उत्तम आहे."

पेपरात मात्र आमचं गाव झळकलं. बाबांनी पारावर बसून बातमी मोठ्यानं वाचली. गावकऱ्यांनी श्रमदानातून रस्ता केला, गावच्या कन्याही मागे नाहीत, वगैरे वगैरे. फोटोत मी कुदळ घेऊन डोळे वटारून उभी. बाबांनी तो कापला आणि फ्रेम करून बैठकीत लावला. मी म्हटलं, "काढा तो." तर म्हणाले, "काहून वं? गावातून कोन आलं पेपरात आजवर?"

त्या वर्षी मी मॅट्रिकला बसले नाही. पुढंही कधी बसले नाही. मला पाहायला पहिले पाहुणे आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरगी किती शिकली?"

बाबांनी ताठ मानेनं त्या फोटोकडे बोट दाखवलं.