आईचं हिरवं लुगडं आणि ताडकळसचा परस

परभणी जिल्ह्यात बघण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं की मी ताडकळसच्या एका घराचा परस सांगते. गोष्ट सत्तरच्या दशकातली. माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, दिवस गेले होते. आमच्याकडे तान्ह्या बाळाला नवं कापड घालत नाहीत, वापरून मऊ झालेल्या लुगड्याचीच गोधडी लागते. आई जाऊन वर्ष होत आलेलं, तिची लुगडी नात्यात वाटून झालेली. उरलं होतं एकच, हिरवं, तेही जागोजागी विरलेलं. तेवढं वाया गेलं असतं तर आईचं म्हणून आमच्याकडे काहीच राहणार नव्हतं. जीव मुठीत धरूनच मी ते ताडकळसला, गोधड्या शिवणाऱ्या मावशीकडे घेऊन निघाले.

नांदेडहून पॅसेंजरनं पूर्णा जंक्शन, स्टेशनबाहेर गरम भजी, मग एस.टी. तिकीट आज सांगितलं तर हसाल. त्यात नेमका ताडकळसचा बाजार, त्यामुळे माझ्या मांडीवर पिशवी आणि पिशवीवर शेजारणीची कोंबडी. तुम्ही जाल तेव्हा बाजाराचाच दिवस साधा, गर्दी सोसा.

मावशीनं आधी भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली, मग लुगडं उन्हात धरलं.

"विरलेलं कापून टाकू का?" मी विचारलं.

"मंग राहतंय काय? जा, परसातलं दोडक्याचं पान आण. किडीनं खाल्लेलं आण, चांगलं नगं."

पानावर नागअळीची पांढरी, वाकडीतिकडी रेघ होती आणि मधे भोकं. मावशीनं लुगड्याखाली पिवळं जुनं पातळ अंथरलं. लुगड्याची भोकं बुजवली नाहीत. त्यांच्या कडा आत दुमडून शिवल्या, तसा आतला पिवळा रंग दिसायला लागला. धावदोराही सरळ नाही, त्या रेघेसारखा वळत गेला. माझा जीव हळूहळू भांड्यात पडला.

"लोक नावं ठेवतील गं," मी म्हणाले.

"ठिवू दे. माझ्या बहिणीनं नेसून नेसून पाडलीत ही भोकं. मी का म्हून बुजवू?"

मावशीचे उपकार फिटायचे नाहीत, हे मला परतीच्या गाडीतच कळलं होतं. का, ते घरी आल्यावर कळलं. सुमन गोधडीवरून हात फिरवत होती. कमरेच्या जागी, तीन-चार भोकं जवळजवळ होती तिथं, ती थांबली.

"इथं आई किल्ल्या खोचायची," ती म्हणाली.

आई गेल्यापासून सुमन रडली नव्हती. त्या दिवशी गोधडी छातीशी धरून मनसोक्त रडली, आणि मग म्हणाली, "ताई, भूक लागली."