लोबान मिस्त्रींचा धूर

लोबान मिस्त्री पान्याला हात लावण्याआधी लोबान पेटवायचे. दूधपावडरचा जुना पत्र्याचा डबा, त्यात निखारे आणि वर चिमूटभर लोबान. परळीत स्टेशनच्या मागच्या अंगाला त्यांचं गॅरेज होतं. राख, डिझेल आणि लोबान यांचा मिळून जो वास होतो, तो आला की गॅरेज आलं असं समजायचं. आत मिस्त्री उलट्या टाकलेल्या क्रेटवर बसलेले असायचे. चेहरा असा, की जिल्ह्यातल्या सगळ्या बंद गाड्या यांनीच ढकलत आणल्यात.

माझं दिंद्रुडला बी-बियाण्यांचं दुकान. कुणाचं तरी ऐकून मी एक जुनी टर्बो डिझेल गाडी घेतली. सपाटीला नवरदेवाच्या घोड्यासारखी चालायची, पण चढ आला की काळा धूर सोडत रडायची. एकदा चढावर उसाच्या ट्रॉलीचा ट्रॅक्टर मला ओलांडून गेला आणि जाता जाता ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, "दोर देऊ का, शेठ?" मग मी डिझेल फिल्टर बदलला, क्लच बदलला, लिंबू-मिरची तर दोनदा बदलली. गाडी होती तशीच. शेवटी परळी गाठली.

"मिस्त्री, टर्बो गेलाय," मी उतरता उतरता निदान सांगून टाकलं.

त्यांनी मानही वर केली नाही. "कावून? तुमाला सांगून गेला का?"

मी गाडीची किल्ली त्यांच्यापुढं धरली.

"गाडी काय करती ते तुमी सांगा. काय झालंय ते मी सांगतो. दोघांनी आपापलं काम करावं. लई थकलोय मी, शेठ."

हे ते प्रत्येकाला म्हणत. गिऱ्हाईक गाडीचं दुखणं सांगायच्या ऐवजी औषधच सांगत येतं, याचा त्यांना खरोखर थकवा आला होता. मी मात्र हुशारी सोडायला तयार नव्हतो. टर्बो कुठे असतो ते मला माहीत आहे, एवढं तरी दाखवावं म्हणून बॉनेटखाली हात घातला आणि तापलेल्या लोखंडावर टेकवला. बोटं तोंडात घालून नाचू लागलो तेव्हा मिस्त्री तसेच थंड आवाजात म्हणाले, "आधी बघावं, मग हात लावावा."

गाडी निवल्यावर त्यांनी डबा काढला. डब्याला वर घट्ट टोपण, एका बाजूनं पायपंप आणि दुसऱ्या बाजूनं नळी. हवेचा फिल्टर काढून तिथे नळी बसवली, पंप मारायला लागले आणि माझ्या गाडीच्या पोटात लोबानाचा धूर जाऊ लागला. मला वाटलं, नजर उतरवतायत. मी चपला काढल्या आणि हात जोडून उभा राहिलो.

गंजलेल्या नटाकडे बघावं तसं मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "चपला घाला. खाली खिळे हायत."

तेवढ्यात खालच्या एका जाड रबरी पाईपाच्या क्लिपजवळून धुराची बारीक दोरी वर आली. मिस्त्रींनी तिथं बोट ठेवलं. पाईप खालून चिरलेला होता. टर्बो हवा दाबून पाठवत होता आणि ती इंजिनात पोचायच्या आत चिरेतून निसटत होती. "जेवण पोटभर, श्वास अर्धा," मिस्त्री म्हणाले. "असा माणूस डोंगर चढंल का?" लोबानच कशाला, असं विचारलं तर म्हणाले, "चिंधीच्या धुरानं गिऱ्हाईक खोकतंय. ह्यानं दुकानाला वास तरी बरा येतो."

पाईप बदलला, गाडी चढ चढली. इथवर ठीक होतं. पण तोंड माझं. दिंद्रुडला चहाच्या टपरीवर मी ही गोष्ट रंगवून सांगितली. त्यात लोबान होता, जोडलेले हात होते, पळणारी गाडी होती. पाईप तेवढा गाळला. चिरलेल्या पाईपाला कोण हसणार?

महिन्याभरात गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागली. कुणी शोरूममधून थेट नवी गाडी घेऊन येई, बरोबर नारळ. एका बाईंनी पिशवीतून मिक्सर काढला. मिस्त्री मला बघताच क्रेटवरून उठले. गाडीऐवजी माणसासाठी उठलेलं मी त्यांना प्रथमच पाहिलं.

"बॉनेट उघडू देत न्हाईत, शेठ! म्हणतात, फकस्त धूर द्या. आरं, मी मिस्त्री हाय. बाबा न्हाई. सगळा जन्म ह्या एका नावासाठी तेलात घातला. ते नाव तुमी टपरीवर घालवलं."

मी निस्तरायला गेलो. पेंटरकडून पाटी करून आणली: 'येथे धूर फक्त गळती शोधण्यासाठी दिला जातो. येथे कोणी बाबा नाही.' रांग दुप्पट झाली. पाटी वाचून एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, "खरा असंल तो कवा कबूल करतो व्हय?"

त्याच रांगेत प्रवासी जीपचा एक काळीपिवळीवाला होता, दाढीवाला, घाईतला. मिस्त्रींनी धूर सोडला, पाईप फाटलेला दाखवला, बदल म्हणाले. तो म्हणाला, "धूर लागला, आता कशाला पाईप?" आणि सीटं भरून गेला. जीप चढावर थांबली आणि मागं घसरली. एकानं चाकाखाली दगड टाकला म्हणून सगळे वाचले. दुसऱ्या दिवशी तो गॅरेजसमोर ओरडत होता, "तुमचा धूर खोटा हाय!"

 मिस्त्रींनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं, डबा फळीवर उपडा ठेवला. त्यानंतर ते साबणाचं पाणी लावून गळती शोधत. वाकून, डोळे बारीक करून. धुराशिवाय बाबा कसला, म्हणून रांग ओसरली, आणि रांगेबरोबर खरी गिऱ्हाईकंही गेली. "बरं झालं," ते म्हणाले. "थकलोच होतो." पण ते नेहमीसारखं वाटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी, यंदाच्या उन्हाळ्यात, मिस्त्री गेले. चाळिसाव्या दिवशी मी गॅरेजवर गेलो. त्यांच्या मुलीनं फातेहाच्या प्रार्थनेसाठी लोबान लावला होता, त्याच डब्यात. नळीची तोटी अजून बाहेर आलेली होती. माझ्या शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "मोठे बाबा होते."

 मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "बाबा-बिबा काय न्हाई बे. मिस्त्री होता." वळून बघितलं तर काळीपिवळीवाला. दाढी पांढरी झालेली. "पाईप बदल म्हणला होता. म्याच ऐकलं न्हाई."

 मी डब्याकडे बघत बसलो. धूर तोटीतून यायचा सोडून टोपणाच्या कडेनं बारीक दोरीसारखा निसटत होता. गळती दिसली म्हणून सवयीनं पुढं वाकलो आणि अंगठ्यानं टोपण दाबलं.

चांगलाच चटका बसला. अंगठा तोंडात घालून मी मिस्त्रींच्या रिकाम्या क्रेटकडे बघितलं, आणि त्या थंड आवाजाची थोडा वेळ वाट पाहिली.