तो तिच्या मागं गेला नाही

आमच्या गल्लीत अजूनही सांगतात की माझी बायको गेली आणि अठरा दिवसांत तिचा कुत्राही तिच्या मागं गेला. अन्नाला शिवला नाही, तिच्या आठवणीनं झुरून मेला. नवीन भाडेकरू आला की त्यालाही हे ऐकवलं जातं. लोक माझ्याकडं बघून हळहळतात आणि मी मान खाली घालतो. सहा वर्षं मी नुसती मान खाली घालत आलो आहे. झालं ते असं नव्हतं.

कुत्रा गावठी, तांबूस रंगाचा. माझ्या बायकोनं त्याला भाजी मंडईच्या बाहेरून पिशवीत घालून आणला होता. पुढं तिच्या किडन्या बिघडल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जायची वेळ आली. मी सोबत जायचो. घरात मागं कुत्रा एकटा. पहिल्याच दिवशी परत आलो तर दाराचा खालचा भाग ओरबाडलेला, आणि तो इतका थरथरत होता की तिला आपलं दुखणं बाजूला ठेवून त्यालाच मांडीवर घ्यावं लागलं.

तिनं गुरांच्या डॉक्टरांना विचारलं आणि रोज संध्याकाळी त्याची शिकवणी सुरू केली. चप्पल घालायची, पर्स खांद्याला लावायची आणि कुठंच न जाता मेथी निवडत बसायची.

मी म्हणायचो, "कुणाला फसवतेस? त्या मुक्या जनावराला?"

"तुम्ही गप बसा. तो चार दिवसांत शिकेल. तुम्हाला ताट उचलायला शिकवण्यात माझी बत्तीस वर्षं गेली."

मग दाराबाहेर एक मिनिट. मग कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत. मग अर्धा तास. परत आल्यावर लाड करायचे नाहीत, जणू काही झालंच नाही असं घरात यायचं. आणि त्याच्या अंगाखाली तिची अंगावरची जुनी सुती साडी, न धुतलेली. वास कमी झाला की ती दोन दिवस नेसायची आणि पुन्हा त्याला द्यायची. "ही धुवायची नाही हं, चुकूनसुद्धा," असं तिनं मला बजावलं होतं. दीड-दोन महिन्यांत तो त्या साडीवर नाक खुपसून चार-चार तास निजून राहायला लागला.

ती एप्रिलच्या शेवटी गेली. दहाव्याला घर पाहुण्यांनी भरलं होतं. तिच्या कपड्यांचं गाठोडं बांधलं, अंथरूण-पांघरूण धुवायला काढलं. केमहून आलेली माझी बहीण खोलीखोलीतून फिरत काय राहिलं ते बघत होती. गेलेल्या सवाष्णीची साडी कुत्र्याखाली आहे हे तिनं पाहिलं तर काय म्हणेल, याची मला लाज वाटली. मला कुणी सांगितलं नव्हतं. तो अंगणात गेला होता तेवढ्यात मीच ती साडी ओढून काढली आणि साबणाच्या पाण्यात टाकली. बायकोचं बजावणं आठवत असताना टाकली.

त्यानंतर तो जेवत होता. हे मुद्दाम लिहितो. कमी जेवत होता, पण जेवत होता. फक्त मी उठलो की उठायचा आणि न्हाणीघरापर्यंत मागं यायचा.

तेरावं झालं, मुलगी पुण्याला परत गेली. मंद्रूपहून मेहुण्याचा फोन आला, "दाजी, गोडाचं जेवायला या. तुम्ही तोंड गोड केल्याशिवाय आमच्या घरात गोड शिजायचं नाही." ही रीत मोडता येत नव्हती. सकाळी दहाला निघालो. उन्हाची झळ नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या, पंखा चालू ठेवला, पातेलंभर पाणी ठेवलं. दोन तासांत येतो असं मनाशी ठरवलं होतं. पुरणपोळी झाली. मेहुणा म्हणाला, "एवढ्या उन्हात कुठं निघता? जरा पडा की, ऊन उतरल्यावर जावा." मी पडलो. तिच्या मागं पहिल्यांदाच मला गाढ झोप लागली. कुत्रा मनात आला नव्हता असं नाही. आला होता, आणि मी कूस बदलली होती.

सहाला दार उघडायला गेलो तर ते आतून अडलं. तो दाराशीच पडला होता. नखं फुटलेली, तोंडाला फेस, पातेलं उलटं. वीज दुपारीच गेली होती. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. घाबरून धावत राहिला असेल, त्यात घर बंद.

मुलीला फोन केला. मी "कुत्रा गेला" एवढंच म्हणालो आणि ती रडत म्हणाली, "आईशिवाय राहवलंच नाही ना त्याला?"

मी "हो" म्हणालो. पुढचं सगळं लोकांनी रचलं, पण तो "हो" माझा.

गेल्या आठवड्यात मुलीचा फोन आला. तिनं एक पिल्लू आणलं आहे, ती ऑफिसला गेली की ते फ्लॅटमध्ये आकांत करतं. "बाबा, आईनं त्याला कसं शिकवलं होतं?" मी सांगायला लागलो. चप्पल, पर्स, एक मिनिट, गिरणी. साडीपाशी आलो आणि थांबता आलं नाही. साडी मी का धुतली, मंद्रूपला कसा झोपलो, सगळं सांगितलं.

मग तिनं विचारलं, "किती वेळ ओरडत होता तो?"

मला माहीत नव्हतं. सहा वर्षांत मी कुणाला विचारलं नव्हतं. फोन ठेवून शेजारी गेलो. शेजारीण चादरीच्या कारखान्यात शिलाई करते. त्या दिवशी तिला सुट्टी होती, ती घरीच होती.

"तुमी गेल्यापासनं की, काका," ती म्हणाली. "लई रडत होता. मला वाटलं, बाईंसाठी रडतोय, रडू दे. चार-साडेचारला गप झाला. म्हटलं, झोपला बिचारा."

घरी येऊन मुलीला फोन लावला आणि चार वाजेपर्यंत, असं सांगितलं. इथं मात्र साडेचार लिहितो.