पुठ्ठ्यात सापडलेले आजोबा

...लिहितेस ना गं? नुसती मान नको हलवूस. तर मी त्या डिंकतात्याचं सांगत होते. वह्या, रजिस्टरं बांधण्यात त्याचा जन्म गेला, बोटं कायम चिकट, म्हणून डिंकतात्या. बायको गेली, एकुलती लेक परदेशी. तिला बाळ झालं नि ती म्हणाली, "बाबा, कायमचेच या इकडे. तुमचे आजोबा इथे जन्मलेत ना? मग त्यांचा नातू म्हणून तुम्हाला नागरिकत्व मिळतं. फक्त त्यांचा जन्मदाखला शोधा."

शोधा म्हणे! आजोबाही बाइंडरच. बाइंडर कधी कागद टाकतो का? पुठ्ठ्याच्या आत अस्तराला चिकटवतो. तात्यानं आजोबांच्या हातची जुनी रजिस्टरं काढली, ओलं फडकं फिरवून, सुरीच्या टोकानं एकेक अस्तर सोललं. चौथ्या पुठ्ठ्यात दाखला! शिक्क्यासकट. नाव आजोबांचं, आईबाप तेच, गाव तिकडचं. तात्याला आभाळ ठेंगणं झालं.

कचेरीत खिडकीवरच्या बाईंनी तो आजोबांच्या लग्नाच्या कागदाशी ताडून पाहिला. "काका, वय जुळत नाही. चार वर्षांचा फरक आहे."

"चोरलं असेल हो, लग्नाच्या वेळी!"

"मग ह्या फॉर्मवर तसं लिहून सही करून आणा."

खात्री करावी म्हणून तात्या म्हाताऱ्या आत्याकडे गेला. ती बोळक्या तोंडानं हसत सुटली. "अरे खुळ्या, हा माझ्या बापाच्या थोरल्या भावाचा दाखला! तो तिकडे झाला नि सहा महिन्यांत गेला. मग सगळे इकडे आले, इथे माझा बाप झाला. माझ्या आजीला ते नाव सोडवेना, तेच ह्याला ठेवलं."

"म्हणजे माझे आजोबा कुठले?"

"इथले."

"नि दाखल्यावरचे?"

"ते कसले तुझे आजोबा? ते धड रांगलेसुद्धा नाहीत!"

झालं, तात्याचं डोकं भणभणलं. कागद खरा, नाव खरं, शिक्का खरा, नि सगळं मिळून खोटं! सहा महिन्यांच्या पोराचा नातू म्हणून जायचं? जन्मभर लोकांची उलटीसुलटी पानं ओळीनं लावली, घरचे दोन कागद काही लागेनात. सही करावी तर खोटं, न करावी तर नातवाचं तोंड फोनवरच बघायचं. आता तर तो लेकीचा फोनही उचलत नाही. बोलणार काय? ती समजते, बाबांना यायचंच नाही.

काल मी जाऊन आले. दाखला दोन फळ्यांत दाबून वाळवलाय, फॉर्म शेजारी, सहीची जागा कोरी. मला विचारतो, "मावशी, आता मी कुणाचा?" म्हणून तर तुला लिहायला बसवलं.

तर हे वाचणाऱ्यांत कुणी त्याच्या लेकीला ओळखत असेल, तर तिला एवढं कळवा बाई: बाप रुसलेला नाही, त्याला खोटं लिहवत नाही. तूच बाळाला घेऊन एकदा ये.