शिडीला पडलेलं एकच मत

दुसऱ्या निवडणुकीत खानदेशात प्रकाशा या गावाजवळच्या आमच्या खेड्यात मतपेट्या मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी शाळेत मास्तर. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पडद्याआड जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकायचा. उमेदवार दोनच. आमच्या गावचे एक केळीवाले, खूण शिडी; आणि लांबचा एक अनोळखी, खूण घागर.

मतदानाआधीच बायका पेट्या पूजायला ताट घेऊन आल्या. "गुरुजी, नवी वस्तू दारमा उनी ते कुकू लावतस!" मी नको म्हणेपर्यंत पाणी शिंपडून झालं, नारळही फुटला. पेट्यांवरच्या खुणेच्या चिठ्ठ्या भिजून गळाल्या. बाहेर रांग ओरडत होती. मी डब्यातल्या भाताच्या शितांनी चिठ्ठ्या कशाबशा चिकटवल्या.

त्या घाईत बाहेरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली हे निकाल ऐकल्यावर कळलं. मोजणी पेटीच्या आतल्या चिठ्ठीवरून होई, आणि ती चिठ्ठी बरोबर होती. गावची बाकी सगळी मतं घागरीला, शिडीला फक्त एक. नोकरीच्या भीतीने मी गप्प बसलो.

घागरवाला इतर गावांच्या जोरावर निवडून आलाच होता. आभार मानायला आला, तेव्हा लोक एकमेकांकडे चोराकडे बघावं तसे बघत होते. पुढच्या निवडणुकीत कागदावर शिक्का मारायचा होता. तो मोठ्या भरवशाने आला. त्याला आमच्याकडे शून्य.

भोगलं ते केळीवाल्यांच्या बायकोने. ते रोज जेवताना म्हणत, "एक मत पडनं, ते मन्हं. तुन्हं कोठे गये?" ती भाकरी वाढी. निर्दोष बाईवरचा हा आळ मला वर्षानुवर्षं टोचत राहिला. शेवटी म्हातारपणी त्यांच्या घरी जाऊन मी तिला चुलीपाशी सगळं सांगितलं.

ती तोंडाला पदर लावून हसली. मी विचारलं, "वहिनी, काय झालं?"

"गुरुजी, मी घागरलेच दिन्हं व्हतं! प्रचारमा रोज चाळीस लोकेस्न्या भाकरी भाज्यात. आमना मालक निवडीसन उनतात ते पाच वरीस भाजन्या पडत्यात."

म्हणजे बाहेरून घागर दिसणाऱ्या शिडीच्या पेटीतलं ते एकुलतं एक मत तिचंच.

ती तडक बाहेर ओट्यावर नवऱ्यापाशी गेली. "ऐका, ते एक मत मन्हं व्हतं. गुरुजी साक्षी शेतस."

केळीवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "मंग मन्हं कोठे गये?"

मी चपला पायात अडकवून निघालो. तेव्हा न दिलेलं उत्तर आज लिहितो: भाऊ, घागरीत.