कालव्यावरची कंडक्टरकाकू

अन्याय कंडक्टरकाकूंवर झाला. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी, उजाडता उजाडता, सातपूरच्या मागून जाणाऱ्या कालव्याच्या वाटेवर. सोबत त्यांची कुत्री होती, तिच्यावरही झाला. कुत्रीला बोलता येत नाही आणि काकूंना तक्रार करायची सवय नव्हती, म्हणून मी लिहिते आहे. मला सवय आहे.

काकूंचं त्या दिवशी एकच म्हणणं होतं. "मी एक बेल दिली होती. एक बेल दिल्यावर कुणी पुढे जातं का?"

वाचकहो, हे कळायला त्यांची काठी पाहायला हवी. साधी बांबूची काठी, आणि तिच्या मुठीखाली स्क्रूने घट्ट बसवलेली सायकलची घंटी. काकूंची सगळी नोकरी एसटीच्या लाल गाडीवर कंडक्टर म्हणून झाली, त्यातली बरीचशी पेठच्या रूटवर. गाडीतली घंटीची भाषा तुम्हाला माहीत आहेच. एकदा वाजली की थांबा, दोनदा वाजली की चला. काकू निवृत्त झाल्या, भाषा झाली नाही.

कालव्याची ती वाट दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढीच. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला काटेरी तारेचं कुंपण. समोरून कुणी धावत येताना दिसलं की काकूंचा अंगठा घंटीवर जायचा. टिंग. धावणाऱ्याने थांबायचं. मग त्या कुत्रीला पाण्याच्या अंगाला बसवणार, दोरी मनगटाला गुंडाळून आखूड करणार आणि स्वतः तिच्यापुढे उभ्या राहणार. टिंग टिंग. "चला, पुढे सरका, पुढे रिकामं हाय."

पहिल्या दिवशी मला थांबवलं तेव्हा मी सरळ विचारलं, "काकू, हा नियम कुणी केला?"

"मी."

"कुणाला विचारून?"

"तू कुणाला विचारून पळतीस?"

पायी चालणाऱ्यांच्या हक्कांवर मी पत्रकं काढते, फुटपाथ अडवणाऱ्यांना नावानिशी सुनावते, आणि तिथे दुसऱ्या बेलची वाट बघत उभी राहिले. तिथपासून आमची ओळख. त्या मला "पत्रकबाई" म्हणायच्या.

कुत्रीचं नाव एशियाड. तांबूस रंगाची, एका डोळ्याने अंधूक बघणारी म्हातारी. "पिल्लू होती तेव्हा लय जोरात पळायची, एशियाड गाडीवानी, म्हणून ठेवलं नाव," काकू सांगायच्या. "निघाली साधी गाडी. प्रत्येक खांबाला थांबा."

काकूंचं सगळंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. त्यांना कुणी नमस्कार केला तर त्या चिडायच्या. "मला राम राम कशाला? तिला घाला. ती ओळख धरती." त्यामुळे चांगले मोठे, मिशा असलेले पुरुष धापा टाकत "राम राम, एशियाड" म्हणत जायचे. कधी कधी एक बेल देऊन झाल्यावर काकू समोरच्याशी घरची चौकशी काढायच्या आणि दुसरी बेल द्यायची विसरायच्या. पहिल्या पाळीला निघालेला एक कामगार एकदा अक्षरशः हात जोडून म्हणाला, "काकू, सोडा हो, कंपनीचं गेट बंद होईल."

पण एक गोष्ट कबूल करावीच लागेल. धावणाऱ्यांपेक्षा त्या कुत्रेवाल्यांना जास्त फैलावर घ्यायच्या. एक तरुण भलामोठा कुत्रा घेऊन यायचा, दोरी लांबच लांब सोडलेली, कुत्रा एका टोकाला आणि हा दुसऱ्या टोकाला मोबाइलमध्ये. काकूंनी दोरीवर काठी टेकवली. "ही कुत्र्याची दोरी हाय का कपडे वाळत घालायची तार?" दुसऱ्या दिवसापासून दोरी आखूड. आणि कुत्र्याची घाण वाटेवर सोडून कुणी निघालं की मागून खणखणीत आवाज यायचा, "ओ साहेब! तुमचं सामान राहिलं!" सगळी वाट वळून बघायची. साहेब परत यायचे. काकूंच्या पिशवीत खुरपं आणि रद्दी पेपर तयारच असायचे.

आता त्या रविवारचं.

एक धावणाऱ्यांचा ग्रुप कुठल्यातरी मोठ्या शर्यतीची तयारी करत होता. चौघे-चौघे एका रांगेत, जिथे दोघांना जागा नाही तिथे. कानात इअरफोन. काकू मोरीपाशी होत्या, वाटेखालून नाला जातो तिथे; वाट तिथे सगळ्यात अरुंद आहे. त्यांनी बेल दिली. कुणी थांबलं नाही. एशियाड अजून बसायची होती, ती दचकून आडवी गेली, दोरी ताणली गेली, आणि ग्रुपचा कप्तान, हिरव्या टीशर्टातला, दोरीत अडकून पालथा पडला. तळहात सोलले. एशियाड उतारावरून घसरून पाण्यात गेली. काकूंनी बसकण मारून दोन्ही हातांनी दोरी ओढली आणि तिला वर घेतलं. त्यांना कुणी हात दिला नाही. मी मागून पोचले तेव्हा दहा-बारा जण कप्तानाचे तळहात बघत होते.

"मॅडम, कुत्रं घरी बांधत जा," कप्तान म्हणाला. "हा ट्रॅक आहे."

"ट्रॅक कधी झाला? काल तर वाट होती," काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात वाटेच्या तोंडाशी लाकडी फळा लागला: कुत्र्यांना सक्त मनाई. ना कुणाची सही, ना कुणाची परवानगी. सार्वजनिक वाटेवर त्या ग्रुपातल्या चार जणांनी वर्गणी काढून कायदा केला होता.

काकू यायच्या बंद झाल्या. मी त्यांच्या घरी गेले तर एशियाड दारात बसलेली, पुढच्या पायांवर तोंड ठेवून. दुसरा रस्ता म्हणजे कंपन्यांचा, तिथे ट्रकचा हॉर्न वाजला की ती जमिनीला चिकटून बसते, हलत नाही. कॉलनीत फिरवावं तर गल्लीतली कुत्री तिला घेरतात. आणि डॉक्टरांनी काकूंना गुडघ्यांसाठी रोज चालायला सांगितलेलं.

"मग निदान तुम्ही तरी चालत जा," मी म्हणाले.

"एकटी? रिकामी गाडी फिरवल्यासारखं वाटतं."

मी घरी येऊन पत्रक लिहिलं. मथळा: 'ही वाट कुणाच्या बापाची?' मजकूर मथळ्यापेक्षा कडक. दुसऱ्या दिवशी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, चहा पुढे सरकवला.

"झ्याक लिहिलंय. पण हे वाचून तो थांबंल का?"

"थांबणार नाही. लाजेल तरी."

"लाजून काय करू मी त्याचं? मला तो मोरीपाशी थांबायला पाहिजे."

पुढच्या रविवारी काकू आल्या. फळ्यासमोरून आल्या, त्याच्याकडे न बघता. माझ्या पिशवीत पत्रकाच्या झेरॉक्स होत्या आणि तोंडात भाषण तयार होतं. मोरीपाशी काकूंनी एशियाडला बसवलं, दोरी गुंडाळली. हिरवा टीशर्ट लांबून दिसायला लागला. पडल्यापासून त्याने इअरफोन काढून ठेवले होते, हे मला नंतर कळलं.

टिंग.

कप्तान थांबला. ठरवून नाही, पाय उचललेला तसाच खाली आला आणि माणूस जागच्या जागी उभा. मागचे तीन त्याच्या पाठीवर आदळले. "अरे, काय झालं?" कुणीतरी ओरडलं. काय झालं हे त्यालाही कळलं नव्हतं. तो घंटीकडे बघत होता.

"तुम्ही कंडक्टर होता का?" त्याने विचारलं.

"होते. पेठ रूट."

"मी पेठचा. कॉलेजला रोज त्याच गाडीने यायचो."

"पास होता?"

"होता की."

"मग मी बघितला असंल. पासावरचे फोटो सगळे सारखेच, चोरासारखे."

तो हसला. मागचेही हसले, मी हसले नाही. त्याने वाकून एशियाडकडे हात नेला, तळहातावरची खपली अजून ओली होती.

"हात नको लावू, तिला आवडत नाय. नुसतं राम राम घाल."

कप्तानाने एकदा मागे आपल्या ग्रुपकडे बघितलं. मग घसा साफ केला. "राम राम, एशियाड."

टिंग टिंग. सगळे एकामागे एक निघून गेले. भाषण माझ्या तोंडातच राहिलं.

फळा लगेच उतरला नाही. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बरीच भांडणं झाली म्हणतात. शेवटी फळा उलटा करून मागच्या बाजूला नवा मजकूर रंगवला: 'कुत्रं असेल तर दोरी आखूड. धावत असाल तर आवाज द्या.' मजकूर माझा. मूळ परिच्छेद होता, काकूंनी कापून दोन ओळींवर आणला. "पाटी चालत्या गाडीतून वाचता आली पाहिजे," म्हणाल्या. पाण्यात पडलेल्या कुत्रीची आणि एकटीने तिला ओढणाऱ्या बाईची माफी मात्र आजपर्यंत कुणी मागितलेली नाही. काकू विसरल्या. मी नाही.

त्यानंतर दोन हिवाळे ती वाट छान चालली. सकाळी ऊन पाण्यावर येईपर्यंत काकू मोरीपाशी उभ्या, इकडून धावणारे, तिकडून कुत्री, मध्ये चौकश्या. मी रोज तक्रार शोधत जायचे आणि बहुतेक दिवशी हात हलवत परत यायचे. असे दिवस माझ्या वाट्याला फार येत नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात काकू दिंडोरीला लेकीकडे राहायला गेल्या, एशियाडला घेऊन. गुडघ्यांना जिना झेपेना. मी फोन करते.

"कशी आहे तिथली वाट?"

"द्राक्षाच्या बागेतनं हाय, लय रुंद. ट्रॅक्टर जातो. कुणी भेटतच नाय बाजूला व्हायला." मग म्हणाल्या, "कंटाळा येतो गं."

इकडे मोरीपाशी आता कुणी उभं नसतं. फळा आहे, पण फळा हाक मारत नाही. नवीन धावणारे आलेत, पुन्हा कानात इअरफोन. परवा मी एका आजोबांना पाहिलं. काळं पिल्लू घेऊन पहिल्यांदाच आले होते. मोरीपर्यंत पोचले, समोरून आठ-दहा जणांचा लोंढा आला, तशी त्यांनी पिल्लाला उचलून छातीशी धरलं, कुंपणाला पाठ लावून उभे राहिले आणि सगळे गेल्यावर आल्या वाटेने परत फिरले. कुणी वाईट बोललं नाही त्यांना. कुणी काहीच बोललं नाही.

धावणाऱ्यांनो, त्या लोंढ्यात तुम्ही होता. उद्या सकाळी ते आजोबा वाटेच्या तोंडाशी दिसले, तर धावणं थांबवा, चालत त्यांच्यापाशी जा, आणि त्यांना मोरीच्या पलीकडे सोडून या. पिल्लाला खाली उतरवायला सांगा. त्याला चालू द्या.